ई ड्राइव्ह काढल्यानंतर संगणक ‘ग्रब रेस्क्यू’वर अडकला आहे, फॉर्मॅट न करता बूट लोडर दुरुस्त होईल का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)
सोमवार, सकाळी ११.२०

सर्वांना नमस्कार. सेलूला माझे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामे मी करते. दुकानातला संगणक २०१२ सालचा आहे. त्यात ५०० जीबीची एकच हार्ड डिस्क असून तिच्यावर विंडोज १० आणि लिनक्स मिंट २१ अशा दोन्ही प्रणाली आहेत. पत्रिकांचे जुने साचे पेजमेकरमध्ये असल्यामुळे विंडोज सोडता येत नाही; मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपल्यापासून इंटरनेट, ई-मेल आणि ग्राहकांच्या फायली हे सगळे मी लिनक्समध्येच सांभाळते. लिनक्स माझ्या भाच्याने बसवून दिले होते. तो आता पुण्याला नोकरीला असतो आणि फोनवर जेवढे सांगता येईल तेवढेच सांगू शकतो.

शनिवारी रात्री डिस्कवरची जागा नीट लावावी म्हणून मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई ड्राइव्ह काढून टाकला. त्यातले फोटो मी आधीच बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले होते, त्यामुळे त्याची काळजी नाही. त्यानंतरही विंडोज तासभर व्यवस्थित चालले आणि मी पत्रिकेचे एक कामही पूर्ण केले. रविवारी पहाटे आमच्याकडे दोनदा वीज गेली. दुकानातला इन्व्हर्टर जुना आहे. सकाळी संगणक सुरू केला तर ग्रबचा (विंडोज की लिनक्स हे विचारून ते सुरू करणाऱ्या बूट लोडरचा) मेनू येण्याऐवजी काळ्या पडद्यावर एवढेच आले:

एरर: अननोन फाइलसिस्टम.
एंटरिंग रेस्क्यू मोड...
ग्रब रेस्क्यू>

यापुढे काहीही सुरू होत नाही, विंडोजसुद्धा नाही. गावातल्या एका दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी वीज गेल्याने हार्ड डिस्क ‘उडाली’ आहे, सगळी फॉर्मॅट करून नवे विंडोज टाकावे लागेल, असे सांगितले. लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये चार पत्रिकांची मंजूर झालेली प्रुफे आहेत आणि त्यांतली एक रविवारपर्यंत छापून द्यायची आहे, म्हणून मी संगणक तसाच परत आणला.

भाच्याने वहीत लिहून ठेवलेली डिस्कच्या पार्टिशनांची, म्हणजे भागांची, मांडणी अशी होती: १ सिस्टिम रिझर्व्ह्ड, २ सी ड्राइव्ह, ३ एक्स्टेंडेड, त्याच्या पोटात ५ डी ड्राइव्ह, ६ ई ड्राइव्ह, ७ लिनक्स आणि ८ स्वॅप (लिनक्सची तात्पुरत्या स्मृतीची जागा). मिंटचा पेन ड्राइव्हही माझ्याकडे आहे. माझे प्रश्न दोनच आहेत. लिनक्समधल्या फायली शाबूत आहेत का, आणि फॉर्मॅट न करता हा बूट लोडर पुन्हा बसवता येईल का?


जालनेकर
सोमवार, दुपारी १२.०५

विंडोज १० च्या इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह असेल तर त्यावरून संगणक सुरू करावा, ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मधून कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ ही कमांड द्यावी. माझ्या घरच्या संगणकावर मी हेच केले होते आणि दोन मिनिटांत विंडोज सुरू झाले होते. निदान दुकानाचे काम तरी थांबणार नाही.


गोदातीर (नांदेड)
सोमवार, दुपारी १.४०

ताई, डिस्क उडालेली नाही आणि वीज जाण्याचा या प्रकाराशी संबंध नाही, असे मला बऱ्याच खात्रीने वाटते. तुम्ही पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा दिला आणि वहीतली मांडणीही दिली, या दोन गोष्टींवरूनच दोष कुठे आहे ते कळते. पेन ड्राइव्ह अजून लावू नका आणि जालनेकरांचा उपायही तूर्त करू नका. तो उपाय चुकीचा नाही. पण त्याने डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला ग्रबचा भाग पुसून तिथे विंडोजचा बूट कोड लिहिला जातो. म्हणजे विंडोज सुरू होईल आणि लिनक्सकडे जाण्याची आत्ता उघडी असलेली वाट बंद होईल. शिवाय हा विंडोजचा कोड ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण असलेले पार्टिशन शोधतो; ती खूण जागेवर नसेल तर विंडोजही सुरू होत नाही आणि गोंधळ वाढतो.

आता काय घडले ते पाहू. तुमचा संगणक जुन्या बायोस पद्धतीचा आहे (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम). त्यात डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा असतो. त्यातले ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट चार नोंदींच्या पार्टिशन तक्त्यासाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी असतात. एवढ्याशा जागेत ग्रब मावत नाही, म्हणून त्याचा पहिला तुकडा तिथे आणि दुसरा तुकडा, म्हणजे गाभा, पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. मेनू, त्याची मांडणी आणि बाकीचे घटक मात्र लिनक्सच्या पार्टिशनमध्ये /बूट/ग्रब या फोल्डरात असतात. ते फोल्डर कोणत्या पार्टिशनमध्ये आहे, हे गाभ्यात ग्रब बसवतानाच लिहून ठेवले जाते, आणि तुमच्यासारख्या एकाच डिस्कच्या संगणकावर ते पार्टिशनच्या क्रमांकाने लिहिले जाते. तुमच्या गाभ्यात ‘सातवे पार्टिशन’ असे लिहिलेले आहे.

एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटातली पार्टिशने आगगाडीच्या डब्यांसारखी असतात. प्रत्येकाला फक्त पुढच्या डब्याची जोडणी माहीत असते, आणि ५, ६, ७, ८ हे क्रमांक डब्यांवर रंगवलेले नसून पुढून मोजत गेल्यावर पडतात. तुम्ही सहावा डबा काढला, विंडोजने पाचवा आणि सातवा एकमेकांना जोडले, आणि मोजणी बदलली. लिनक्सचा डबा सातव्याचा सहावा झाला आणि स्वॅप आठव्याचा सातवा झाला. डब्यातल्या सामानाला कोणी हात लावलेला नाही. ग्रब मात्र जुन्या तिकिटावर सातव्या डब्यात शिरला आणि त्याला तिथे स्वॅप सापडला. स्वॅपमध्ये फाइलसिस्टम, म्हणजे फायली ठेवण्याची रचना, नसते, म्हणून ‘अननोन फाइलसिस्टम’. सातवे पार्टिशनच नसते तर संदेश ‘नो सच पार्टिशन’ असा आला असता. हा फरक लहान दिसतो, पण माझा सगळा तर्क त्याच्यावर उभा आहे. विंडोज चालू असेपर्यंत काही जाणवले नाही, कारण त्या वेळी ग्रबचे काम आधीच संपलेले होते.

हा तर्क खरा आहे का, हे काहीही न पुसता पाहता येते. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या अर्थातच रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टंकाव्यात आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नये. ‘ग्रब रेस्क्यू>’ समोर आधी फक्त

सेट

असे देऊन एंटर दाबा. ‘प्रिफिक्स’ या शब्दापुढे एमएसडॉस७ असे दिसले पाहिजे. त्यानंतर

एलएस

ही कमांड दिल्यावर सगळ्या पार्टिशनांची यादी येईल आणि तिच्यात आठवे नसेल. मग

एलएस (एचडी०,एमएसडॉस६)/

अशी कमांड द्या. शेवटची तिरपी रेघ विसरू नका. बूट, होम, ईटीसी, यूएसआर ही नावे दिसली, तर लिनक्स सापडले आणि तुमची प्रुफेही त्याच जागी आहेत. तसे झाले तर पुढच्या चार ओळी एकेक करून द्याव्यात:

सेट प्रिफिक्स=(एचडी०,एमएसडॉस६)/बूट/ग्रब
सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस६)
इन्समॉड नॉर्मल
नॉर्मल

शेवटच्या ओळीनंतर नेहमीचा मेनू यायला हवा. यातले काहीही डिस्कवर लिहिले जात नाही, त्यामुळे अंक चुकला तरी फार तर पुन्हा एखादा एरर येईल. त्याच कारणाने ही दुरुस्ती एका वेळेपुरतीच असते. संगणक बंद केला की पुन्हा ‘ग्रब रेस्क्यू’ दिसेल. मेनू आल्यावर लिनक्स निवडा आणि काय होते ते इथे लिहा. कायमची दुरुस्ती आतून करू.


दुधनाकाठ
सोमवार, सायंकाळी ६.१५

काका, तुम्ही सांगितलेले सगळे तंतोतंत जुळले. ‘सेट’ दिल्यावर प्रिफिक्ससमोर सात होते, यादीत आठवे नव्हते आणि सहाव्यात बूट, होम वगैरे नावे दिसली. चौथ्या ओळीनंतर मेनू आला, तेव्हा दुकानात मी एकटीच असूनही मोठ्याने ‘आला!’ असे म्हणाले.

पण लिनक्स निवडल्यावर पुढे गाडी पुन्हा अडली. मिंटचे चिन्ह बराच वेळ तसेच राहिले. एस्केप दाबल्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ अशी ओळ, पुढे एक लांबलचक अंकाक्षरांची माळ आणि शेवटी १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत चालणारे घड्याळ दिसले. ते पूर्ण झाल्यावर ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ असा मजकूर आला आणि मेंटेनन्ससाठी एंटर दाबा असे सांगितले गेले. आता मात्र डिस्कच खराब झाली असावी, अशी शंका पुन्हा येऊ लागली आहे. मी संगणक त्याच अवस्थेत चालू ठेवला आहे, कारण बंद केला तर चार ओळी पुन्हा द्याव्या लागतील.


गोदातीर (नांदेड)
सोमवार, सायंकाळी ६.५०

चालू ठेवलात हे चांगले केले. आता एकच सांगा: लिनक्स सुरू होताना ई ड्राइव्ह आपोआप उघडावा, अशी सोय भाच्याने करून दिली होती का?


दुधनाकाठ
सोमवार, सायंकाळी ७.०५

हो. फोटोंचे फोल्डर लिनक्समध्येही थेट दिसावे म्हणून त्याने तसे केले होते.


गोदातीर (नांदेड)
सोमवार, रात्री ८.३०

मग डिस्क ठीक आहे. लिनक्समध्ये /ईटीसी/एफएसटॅब नावाची साधी मजकुराची फाइल असते. सुरुवातीला कोणकोणती पार्टिशने जोडून घ्यायची, ते तिच्यात लिहिलेले असते. हल्ली तिच्यात पार्टिशनचा क्रमांक न लिहिता त्याचा यूयूआयडी, म्हणजे तुम्ही पाहिलेली ती अंकाक्षरांची माळ, लिहितात. ही ओळख पार्टिशनच्या आत कोरलेली असल्यामुळे डबा पुढे-मागे झाला तरी ती बदलत नाही, आणि म्हणूनच क्रमांक हलूनही लिनक्सला स्वतःचे मूळ पार्टिशन आणि स्वॅप बिनचूक सापडले. ई ड्राइव्हची ओळ मात्र त्या फाइलीत अजून आहे आणि ड्राइव्ह जगात नाही. प्रणाली त्याची ९० सेकंद वाट पाहते आणि तो न आल्यामुळे पुढे जायचे नाकारते. घरच्या एका माणसासाठी अख्खी पंगत खोळंबावी तसे हे झाले आहे.

एंटर दाबून आत जा आणि या दोन ओळी द्या:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /
नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

पहिलीने मूळ पार्टिशनवर लिहिण्याची मुभा मिळते. ती आधीच मिळालेली असेल तरी बिघडत नाही. उघडलेल्या फाइलीत एनटीएफएस (विंडोजची फाइलसिस्टम) हा शब्द असलेली ओळ शोधा. अशा दोन ओळी असतील तर एक डी ड्राइव्हची असेल, म्हणून पडद्यावर घड्याळाशेजारी जी माळ होती तीच पाहून ओळ निवडा. त्या ओळीच्या अगदी सुरुवातीला # हे चिन्ह टाका, कंट्रोल आणि ओ दाबून एंटर द्या, मग कंट्रोल आणि एक्स दाबून बाहेर या. ओळ पुसून टाकण्यापेक्षा # लावणे मला बरे वाटते, कारण पूर्वी काय होते ते नजरेसमोर राहते. डी ड्राइव्हच्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात, आधीच्या शब्दाला स्वल्पविराम जोडून, ‘नोफेल’ हा शब्दही घालून ठेवा. मग तो ड्राइव्ह कधी सापडला नाही तरी प्रणाली त्याच्यासाठी अडून बसत नाही.

हे झाल्यावर ‘रीबूट’ करा, ‘ग्रब रेस्क्यू’च्या चार ओळी शेवटच्या एकदा द्या आणि मिंटमध्ये शिरा. पुढचे काम करण्याआधी ती चार प्रुफे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, मग पेन ड्राइव्ह काढून टर्मिनल उघडा आणि

एलएसबीएलके

ही कमांड द्या. ५०० जीबीची, म्हणजे पडद्यावर साधारण ४६५ जी दिसणारी डिस्क कोणत्या नावाने आहे ते पाहा. बहुतेक एसडीए असेल. तसेच असेल तर

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए
सुडो अपडेट-ग्रब

या दोन कमांड द्या. इथे पुष्कळ जण एक चूक करतात. ग्रब पूर्ण डिस्कच्या सुरुवातीला बसवायचा असतो, म्हणून नाव एसडीए असेच हवे. एसडीए६ असे पार्टिशनचे नाव द्यायचे नाही. पहिल्या कमांडने गाभा पुन्हा लिहिला जातो आणि त्यात आता सहावे पार्टिशन नोंदवले जाते. ‘इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड’ हे वाक्य दिसल्याशिवाय संगणक बंद करू नका. दुसऱ्या कमांडने मेनूची यादी नव्याने तयार होते आणि तिच्या मजकुरात विंडोज सापडल्याचा उल्लेख यायला हवा.

तो आला नाही तर घाबरू नका. ग्रबच्या २०२१ मध्ये आलेल्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर हा घटक सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेला असतो. काही वितरणे तो स्वतःहून चालू करतात, काही करत नाहीत. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घालून अपडेट-ग्रब पुन्हा चालवले की विंडोज यादीत येते. या ओळीत बरोबरच्या चिन्हाआधीची सगळी अक्षरे मोठी आणि नंतरचा शब्द लहान अक्षरांत असतो.


मांजराकाठ (लातूर)
सोमवार, रात्री १०.१०

चर्चा वाचून फार उपयोग झाला. माझी अडचण याच जातीची आहे, म्हणून इथेच विचारतो. माझा लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात विंडोज ११ आणि उबुंटू आहे. कोणताही एरर येत नाही, पण काही दिवसांपासून ग्रबचा मेनूच न दिसता थेट विंडोज सुरू होते. मीही ग्रब-इन्स्टॉल हीच कमांड द्यावी का? आणि ती द्यायची तर लिनक्समध्ये शिरायचे कसे?


बालाघाट (अंबाजोगाई)
सोमवार, रात्री ११.००

गोदातीर यांचा सल्ला सेलूच्या ताईंच्या संगणकासाठी चोख आहे, पण तुमच्या लॅपटॉपला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. चार वर्षांपूर्वीचा आणि विंडोज ११ असलेला लॅपटॉप म्हणजे तो यूईएफआय या बायोसनंतरच्या नव्या पद्धतीचा. तिथे पहिल्या सेक्टरमधल्या ४४६ बाइटांचा खेळ नसतो. डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचे फॅट३२ स्वरूपातले छोटे पार्टिशन असते आणि प्रत्येक प्रणालीचा बूट लोडर त्यात साध्या फाइलीसारखा, आपापल्या फोल्डरात ठेवलेला असतो: विंडोजचा मायक्रोसॉफ्ट या फोल्डरात, उबुंटूचा उबुंटू या फोल्डरात. कोणाला आधी हाक मारायची याचा क्रम मदरबोर्डवरच्या स्मृतीत लिहिलेला असतो. तुमच्याकडे बहुधा हा क्रम बदलला आहे. लोडर जागेवरच असेल. जे मोडलेले नाही ते पुन्हा बसवण्याची घाई करू नये, म्हणून आधी क्रमच पाहा.

लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. ती कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी वेगवेगळी असते. यादीत ‘उबुंटू’ दिसले तर ते निवडून आत जा आणि टर्मिनलमध्ये

सुडो ईएफआयबूटएमजीआर

ही कमांड द्या. ‘बूटऑर्डर’ या शब्दापुढे चार-चार आकड्यांचे गट दिसतील आणि खाली कोणता गट कोणाचा ते येईल. समजा उबुंटूचा गट ०००३ आणि विंडोजचा ०००० असेल, तर

सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,००००

असे दिले की उबुंटू पुढे येते. आकडे अर्थात इंग्रजी अंकांत टंकावेत, आणि बूटऑर्डरमध्ये आणखी गट असतील तर तेही मागे जोडावेत. काही लॅपटॉपांचे फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) हट्टी असते आणि हा क्रम न जुमानता विंडोजलाच पुढे करते. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम हाताने बदलून पाहावा.

यादीत उबुंटू दिसलेच नाही, तरच उबुंटूचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारा) पेन ड्राइव्ह घ्यावा. तो लावताना बूट मेनूमध्ये त्याचे नाव दोनदा दिसले तर यूईएफआय असा शब्द असलेली नोंद निवडा. आत गेल्यावर /सिस/फर्मवेअर/ईएफआय हे फोल्डर आहे का ते पाहा. नसेल तर पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू झाला आहे आणि तिथून केलेली दुरुस्ती फुकट जाते. मी स्वतः एकदा यातच अख्खी संध्याकाळ घालवली आहे. त्यानंतर उबुंटूचे मूळ पार्टिशन /एमएनटी वर आणि ईएफआय पार्टिशन /एमएनटी/बूट/ईएफआय वर माउंट करावे, /डेव्ह, /प्रॉक, /सिस आणि /रन हे चार फोल्डर ‘माउंट --आरबाइंड’ने त्याच्याखाली जोडावेत, ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’ने आत शिरावे आणि तिथे ग्रब-इन्स्टॉल व अपडेट-ग्रब चालवावे. यूईएफआयमध्ये ग्रब-इन्स्टॉलपुढे डिस्कचे नाव देण्याची गरज नसते.

ताईंचा दोष तुमच्याकडे सहसा का उद्भवत नाही, हेही सांगतो. उबुंटूच्या ईएफआय फोल्डरात ग्रबसाठी चार ओळींचीही नसलेली एक फाइल असते आणि तिच्यात मूळ पार्टिशन क्रमांकाने न शोधता यूयूआयडीने शोधायला सांगितलेले असते. शिवाय अशा डिस्कवरच्या जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात एक पार्टिशन काढले म्हणून पुढच्यांचे क्रमांक सरकत नाहीत.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेले लोडर चालू देणारी सोय) बंद करून पाहा, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तुमच्या लक्षणांत त्याची गरज नाही. ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ असा संदेश येऊन लॅपटॉप बंद पडत असता तर ती वेगळी गोष्ट होती: १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अद्यतनाने लिनक्सच्या जुन्या शिम लोडरना (ग्रबच्या आधी चालणाऱ्या, सही केलेल्या छोट्या लोडरना) अमान्य ठरवले होते आणि दोन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर तो संदेश आला होता. तसे काही नसताना सिक्युअर बूटला हात लावला आणि विंडोजवर बिटलॉकर हे डिस्क कुलूपबंद करणारे साधन चालू असले, तर विंडोज सुरू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, पण आधी पाहून ठेवलेली बरी.


मांजराकाठ (लातूर)
मंगळवार, सकाळी ७.४५

एफ१२ दाबल्यावर यादीत उबुंटू होते. आत जाऊन क्रम बदलला, तीन वेळा रीस्टार्ट करून पाहिले आणि तिन्ही वेळा मेनू आला. आभारी आहे.


दुधनाकाठ
मंगळवार, सकाळी ११.३०

माझाही संगणक सुरू झाला. एफएसटॅबमध्ये ई आणि डी अशा दोन ओळी होत्या; माळ ताडून पाहिली आणि ई च्या ओळीला # लावले. मिंट उघडल्यावर आधी प्रुफे उतरवून घेतली. मग ग्रब बसवला. ‘नो एरर रिपोर्टेड’ आले, विंडोजचा उल्लेखही आला, आणि आता दोन्ही प्रणाली मेनूमधून सुरू होत आहेत. जालनेकर दादांचा उपाय मी भाच्याच्या वहीत लिहून ठेवला आहे, विंडोज कधी एकटेच अडले तर असावा म्हणून.

काका, एक शेवटची शंका. ज्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला ती मोकळी जागा अजून तशीच पडून आहे. तिथे मला नवे पार्टिशन करायचे आहे. ते विंडोजमधून करू की लिनक्समधून? पुन्हा क्रमांक बदलतील ना?


गोदातीर (नांदेड)
मंगळवार, दुपारी १२.१५

बदलू शकतात. नवा डबा साखळीत मध्येच जोडला गेला तर मागच्यांची मोजणी पुन्हा एकाने वाढते. म्हणून ते लिनक्समधून, जीपार्टेड या पार्टिशने लावण्याच्या प्रोग्रॅममध्ये करा. लिनक्समधून केल्याचा लाभ असा की, पार्टिशन तयार होताच तिथल्या तिथे टर्मिनल उघडून ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवता येते आणि मग रीस्टार्ट केले तरी ग्रबकडे नवा क्रमांक असतो. विंडोजमधून केले तर मधल्या रीस्टार्टला पुन्हा तोच काळा पडदा दिसू शकतो. एक गोष्ट मात्र आधी करा. विंडोजमधून बाहेर पडताना शिफ्टची कळ दाबून ठेवून ‘शट डाउन’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर साध्या शट डाउनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा काही भाग झोपलेल्या अवस्थेत डिस्कवर लिहिला जातो, आणि जागे झाल्यावर तो डिस्कची जुनी मांडणी डोक्यात धरून चालू लागतो. मांडणी बदलताना तेवढे टाळायला हवे.

नवे पार्टिशन एनटीएफएस ठेवा, म्हणजे पेजमेकरच्या कामालाही उपयोगी पडेल. आणि जीपार्टेडमध्ये ‘अप्लाय’ दाबण्यापूर्वी इन्व्हर्टरचा दिवा एकदा पाहून घ्या. कालच्या प्रकारात वीज निर्दोष होती, पण डिस्कवर मांडणी लिहिली जात असताना ती गेली तर तिचा दोष खरोखरच असेल.


दुधनाकाठ
बुधवार, रात्री ९.१०

आज दुपारी वीज असताना काम उरकले. नवे पार्टिशन सहावे झाले, लिनक्स पुन्हा सातवे आणि स्वॅप आठवे. रीस्टार्ट करण्याआधी ग्रब बसवला आणि मेनू आला. भाच्याच्या वहीतली जुनी मांडणी पुन्हा बरोबर ठरल्यामुळे ती खोडावी लागली नाही. फक्त ई ड्राइव्हसमोर नवी तारीख घातली आणि खाली ‘रेस्क्यू’च्या चार ओळी लिहून ठेवल्या. रविवारची पत्रिका उद्या छापायला जाते आहे.